खाडीचें पाणी आणि कालवांचा रोग

कोंकणांतल्या एखाद्या खाडीच्या मुखापासून होडींत बसून आंत आंत जाऊं लागलें, म्हणजे पाण्याची चव बदलत जाते. मुखाशीं समुद्राचा खारटपणा, मध्यें मचूळ, आणि नदीपाशीं जवळजवळ गोडें, असा हा क्रम असतो. तोहि कायमचा नव्हे. आषाढांत नद्यांना पूर आला कीं गोडें पाणी मुखाकडे लोटतें. वैशाखांत नदी आटली कीं खारें पाणी वर चढतें. मासे पोहणारे असल्यामुळें या फेरफाराबरोबर आपली जागा बदलतात. कालवाला ती सोय नाहीं. जन्मल्यावर दोन-तीन आठवडे पाण्याबरोबर तरंगून एकदां तें खडकाला चिकटलें, कीं जन्मभर त्याच जागीं जें पाणी येईल तें गाळावयाचें आणि त्यांत जें असेल तें पोटांत घ्यावयाचें. अन्न त्यांतूनच येतें, आणि रोगहि त्यांतूनच येतो.

अशा जीवाला रोग कां होतो, असें विचारल्यास कोणीहि सुशिक्षित मनुष्य चटकन् ‘जंतूमुळें’ असें सांगेल. शाळेंत तसें शिकविलेलें असतें, आणि तें खोटें नाहीं. परंतु जंतु तोच, कालवाची जात तीच, आणि तरीहि एकाच खाडीच्या एका भागांत कालवांचा संहार उडतो व कांहीं मैलांवर दुसऱ्या भागांत तीं सुखानें वाढतात, याचा उलगडा केवळ जंतूच्या नांवानें होत नाहीं. त्यासाठीं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची हकीकत पाहावी लागते, कारण या प्रश्नाची किंमत तेथील हजारों कुटुंबांनीं मोजली आहे.

चेसापीक नांवाची तिकडची खाडी दक्षिणोत्तर सुमारें ३२० किलोमीटर लांब आहे. तिच्या उत्तर टोंकाला सस्क्वेहॅना नदी मिळते, आणि खाडींत येणाऱ्या एकंदर गोड्या पाण्यापैकीं सुमारें निम्में पाणी ही एकटी नदी आणते. दक्षिणेस खाडीचें मुख अटलांटिक महासागरांत उघडतें. या दोहोंच्या मध्यें एके काळीं कालवांचे एवढे थर होते, कीं १८८४-८५ च्या हंगामांत एकट्या मेरीलंड संस्थानानें सुमारें दीड कोटी बुशेल कालवें काढलीं. बुशेल हें तिकडचें मोठ्या टोपलीएवढें माप आहे. या धंद्यांत तंटे इतके माजले, कीं १८६८ सालींच मेरीलंडला कालवांच्या रक्षणासाठीं पाण्यावरचे वेगळे पोलीस नेमावे लागले. लोखंडी फाळांनीं तळ खरवडून कालवें उपसल्यामुळें थर मोडत गेले आणि उत्पन्न घटत गेलें, हें सांगितलेंच पाहिजे. पुढच्या साऱ्या ऱ्हासाचें पाप रोगाच्या माथीं मारणें रास्त होणार नाहीं.

व्हर्जिनिया संस्थानांत लोक कालवांची चक्क शेती करीत. जेम्स नदीच्या मचूळ पाण्यांत पिलें विपुल धरतात, पण वाढतात सावकाश. म्हणून तेथून पिलें काढून तीं खाडीच्या खालच्या, खाऱ्या भागांत नेऊन पसरीत. तरव्यांत वाढविलेलीं भाताचीं रोपें उपटून खाचरांत लावावीं, तसाच हा प्रकार. खाऱ्या पाण्यांत कालव लवकर पोसतें, चवदार होतें आणि त्याला भावहि चांगला येतो. दोन-तीन वर्षें थांबावयाचें आणि मग काढावयाचें. खाऱ्या पाण्यांतली जागा ही सर्वांत उत्तम शेती, असा पिढीजात अनुभव होता.

१९५७ सालीं चेसापीकच्या उत्तरेस असलेल्या डेलावेअर उपसागरांत लावलेलीं कालवें एकाएकीं मरूं लागलीं. दोन वर्षांत तेथील खाऱ्या भागांतल्या लागवडीपैकीं दहांतलीं नऊ कालवें गेलीं. १९५९ सालीं तोच रोग चेसापीकच्या मुखाकडील भागांत दिसला, आणि पिढ्यान् पिढ्या जी जागा उत्तम मानली ती सोडून देण्याची पाळी शेतकऱ्यांवर आली. रोगी कालवाच्या मांसांत सूक्ष्मदर्शकाखालीं अनेक केंद्रें असलेले गोल जीव दिसत. ते कोणत्या जातीचे हें कळेना, म्हणून शास्त्रज्ञांनीं बीजगणितांतल्याप्रमाणें त्यांना ‘क्ष’ म्हटलें. इंग्रजी आद्याक्षरांचें ‘एम्. एस्. एक्स्.’ हें नांव त्यांतूनच आलें, व १९६६ सालीं शास्त्रीय नांव मिळाल्यावरहि कोळ्यांच्या तोंडीं तेंच राहिलें. पुढें २००० सालीं आनुवंशिक द्रव्याची तुलना करून असें दाखविण्यांत आलें, कीं हा परोपजीवी मूळचा पॅसिफिक महासागरांतल्या, आशिया खंडाच्या बाजूच्या कालवांचा. तिकडचीं कालवें त्याला सरावलेलीं असल्यामुळें त्यांना फारसा उपद्रव होत नाहीं. अटलांटिकमधल्या कालवांना मात्र तो सर्वस्वीं नवा होता.

आतां मिठाचा हिशेब पाहावा. मोकळ्या समुद्राच्या हजार भाग पाण्यांत सुमारें पस्तीस भाग मीठ असतें. ‘क्ष’ला जोर धरावयास हें प्रमाण पंधराच्या आसपास किंवा वर लागतें. तें दहाच्या खालीं उतरलें आणि पाणी फार थंड नसलें, तर सुमारें दोन आठवड्यांत कालवाच्या शरीरांतून तो नाहींसा होतो. कालव स्वतः यापेक्षां पुष्कळ काटक आहे. हजारीं पांच-सहा भाग मिठावरहि तें तग धरतें. तेव्हां पांच आणि दहा यांच्या मधला जो पाण्याचा पट्टा उरतो, तेथें कालव जगूं शकतें आणि त्याचा शत्रु जगूं शकत नाहीं. शेतकऱ्याची अडचण ही, कीं या पट्ट्यांत कालव जगतें, पण पोसत नाहीं. ज्या मिठानें त्याच्या अंगावर मांस चढावयाचें, त्याच मिठावर त्याचा रोगहि चढतो.

गोडें पाणी हें औषध खरें, पण त्याची मात्रा कोणाच्या हातीं नाहीं. जून १९७२ मध्यें ॲग्नेस नांवाच्या वादळानें सस्क्वेहॅनेला अभूतपूर्व पूर आला. त्या पुरानें रोग खालीं रेटला गेला. कालवाच्या कवचाला भोंक पाडून आंतलें मांस खाणारी एक शंखी असते, तिचीहि कित्येक ठिकाणांहून हकालपट्टी झाली. परंतु खाडीच्या वरच्या अंगाला आणि नद्यांच्या मुखांत पाणी इतके दिवस गोडें राहिलें, कीं तेथलीं कालवेंहि त्यांतच मेलीं.

दुसऱ्या एका परोपजीवीची कथा याहून थोडी जुनी आहे. १९४० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या दक्षिणेस, लुइझियानाच्या किनाऱ्यावर, कालवें मोठ्या प्रमाणावर मरूं लागलीं. त्याच सुमारास तेथें खनिज तेलाच्या विहिरी खोदल्या जात होत्या, म्हणून कोळ्यांनीं तेल कंपन्यांवर ठपका ठेवला. त्यांचा संशय स्वाभाविकच होता. चौकशीअंतीं मात्र कालवाच्या शरीरांत एक सूक्ष्म जीव सांपडला. १९५० सालीं मॅकिन, ओवेन आणि कोलियर या तिघांनीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. प्रथम ती बुरशी वाटली, म्हणून नांवहि तसेंच पडलें. त्याच जुन्या नांवाचा अपभ्रंश ‘डर्मो’ हा आजहि चालतो. शास्त्रीय ग्रंथांत त्याला आतां पर्किन्सस म्हणतात आणि तो बुरशी नव्हे हेंहि ठरलें आहे. त्याची परीक्षा सॅमी रे यांनीं १९५२ सालीं बसविली, आणि ती कोणालाहि समजण्याजोगी आहे. कालवाच्या मांसाचा तुकडा एका ठराविक द्रवांत कांहीं दिवस ठेवावयाचा आणि मग त्यावर आयोडीन टाकावयाचें. जंतु असतील तर ते फुगून, निळेकाळे होऊन, सूक्ष्मदर्शकाखालीं छर्ऱ्यांसारखे दिसतात. मनुष्यास हे दोन्ही रोग होत नाहींत, हें खवय्यांच्या समाधानासाठीं येथें सांगावयास हरकत नाहीं.

डर्मो हा कालवाकडून कालवाकडे थेट जातो. रोगी कालव मेलें कीं त्याच्या शरीरांतले जंतु पाण्यांत पसरतात आणि शेजारचें कालव तेंच पाणी गाळीत असतें. एक मोठें कालव अनुकूल दिवशीं दीडशें लिटरांहून अधिक पाणी गाळूं शकतें, यावरून शेजारधर्म किती महाग पडत असेल तें ध्यानांत येईल. या जंतूला मिठाइतकीच ऊब लागते. पाण्याचें उष्णमान वीस सेंटिग्रेड अंशांच्या वर गेलें कीं तो वाढूं लागतो, पंचविसाच्या वर तो मारक होतो, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस त्याचा कहर होतो. हिंवाळ्यांत त्याचा जोर ओसरतो. ‘क्ष’ आणि डर्मो यांत आणखी एक फरक आहे, आणि तोच चेसापीकला नडला. पाणी गोडें होतांच ‘क्ष’ मरतो. डर्मो मरत नाहीं. तो कालवाच्या अंगांत गुपचूप दबून राहतो आणि पुढच्या अवर्षणाची वाट पाहतो.

तें अवर्षण १९८५ ते १९८८ या वर्षांत आलें. नद्यांचें पाणी घटलें, समुद्राचें पाणी खाडींत वरवर चढलें, आणि त्याच्याबरोबर दोन्ही रोग चढले. पूर्वी ज्या मचूळ पाण्यांत कालवें निर्धास्त असत, तेथें डर्मो पोंचला. आणि पुन्हां पाऊस पडूं लागल्यावर तो तेथून हलला नाहीं. १९९३-९४ च्या हंगामांत मेरीलंडचें उत्पन्न सुमारें ८० हजार बुशेलांवर आलें. शतकाच्या वळणावर पुन्हां कोरडीं वर्षें आलीं आणि २००३-०४ सालीं तें सुमारें २६ हजारांवर उतरलें. दीड कोटींपुढें हा आकडा ठेवून पाहिला, म्हणजे किती बोटी किनाऱ्यावर कुजत पडल्या असतील याची कल्पना येते. पुढें दहा वर्षांनीं, रोग मंदावला आणि पिलेंहि चांगलीं धरलीं तेव्हां, तोच आकडा पुन्हां चार लाखांवर गेला.

डर्मोला उत्तरेकडची थंडी पूर्वी अडवीत असे. १९९० च्या सुमारास हिंवाळे सौम्य गेले, आणि दोन-तीन वर्षांच्या आंत तो डेलावेअरपासून थेट केप कॉडपर्यंतच्या किनाऱ्यावर दिसूं लागला. किनारा तोच होता आणि कालवेंहि तींच होतीं. हिंवाळा तेवढा बदलला होता.

आश्रयाच्या पट्ट्याचा एक परिणाम मात्र कोणाच्या सहज ध्यानांत येणार नाहीं असा आहे. १९५७ च्या संहारानंतर जीं थोडीं कालवें वांचलीं, तीं जात्याच अधिक चिवट होतीं. रटगर्स विद्यापीठाचे हॅरोल्ड हॅस्किन यांनीं अशा वांचलेल्या कालवांपासून पिढ्या वाढवून ‘क्ष’ला दाद न देणारी जात तयार केली. मग खुद्द डेलावेअर उपसागरांतलीं रानटी कालवें तशीच कणखर कां झालीं नाहींत? कारण बहुसंख्य कालवें वरच्या मचूळ पाण्यांत सुरक्षित होतीं. रोग तेथें पोंचतच नव्हता, तेव्हां दुबळीं व चिवट यांची निवड कशी व्हावी? त्यांचींच पिलें पाण्याबरोबर खालीं येत आणि खाऱ्या पाण्यांत मरत. १९८५ च्या कोरड्या वर्षांत रोग त्या आश्रयांत शिरला, तेथलीं दुबळीं कालवें त्यानें निकालांत काढलीं, आणि त्यानंतर त्या उपसागरांतलीं कालवें ‘क्ष’ला पूर्वीसारखीं बळी पडेनाशीं झालीं. जी जागा जीव वांचविते तीच जातीला कच्ची ठेवते, हा निष्कर्ष कठोर खरा; पण लागवडीसाठीं पिलें कोठून आणावीं हें ठरवितांना तो विसरून चालत नाहीं.

मीठ आणि ऊब यांच्या जोडीला हवाहि आहे. उथळ खाड्यांत शेतांतलीं खतें वाहून आलीं कीं पाण्यांतलें शेवाळ माजतें. दिवसा तें प्राणवायु सोडतें. रात्रीं तेंच शेवाळ आणि इतर जीव तो ओढून घेतात, व पहांटेच्या सुमारास पाणी गुदमरल्यासारखें होतें. सूर्य वर आला कीं सारें पूर्ववत्. दिवसा तपासणी करणाऱ्याला या खाडींत कांहींच वावगें दिसावयाचें नाहीं. स्मिथसोनियन संस्थेच्या चेसापीककांठच्या प्रयोगशाळेंत कांहीं कालवांना रोज असा थोड्या तासांचा प्राणवायूचा उपास घडवून पाहिला. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत अशा कालवांना डर्मोची लागण अधिक झाली आणि ती अधिक बळावली. हजारों एकरांवर पडलेल्या खताचा व कालवाच्या रोगाचा असा संबंध असेल, हें शेतकऱ्याच्या स्वप्नींहि आलें नसेल.

येथवर पाहिलेले दोन्ही परोपजीवी एका पेशीचे आहेत. खाडींत दुसऱ्या तऱ्हेचेहि परोपजीवी असतात. त्यांना एक जन्म पुरा करावयास तीन घरें लागतात. पर्णकृमि हे त्यांतले. पक्ष्याच्या आंतड्यांत ते अंडीं घालतात. विष्ठेबरोबर अंडीं चिखलांत पडतात. चिखलांतल्या गोगलगायी तीं खातात. गोगलगायींत कृमींचीं पिलें वाढून पाण्यांत सुटतात, एखाद्या बारीक कोळंबीसारख्या जीवांत शिरतात, आणि त्या जीवाला पक्ष्यानें खाल्लें कीं पुन्हां पहिल्या घरीं येतात. येथें पाण्याच्या गुणाइतकाच शेजारहि महत्त्वाचा ठरतो: तिघांपैकीं एकाचें घर नसलें तरी वंश खुंटतो.

डेन्मार्कच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर होयर गांवाजवळ ओहोटीच्या वेळीं विस्तीर्ण चिखल उघडा पडतो. तेथें कोरोफियम नांवाचा सुमारें एक सेंटिमीटर लांबीचा कोळंबीचा भाऊबंद चिखलांत बिळें करून राहतो. एका चौरस मीटरांत असे जीव हजारोंनीं असतात. तुतवारासारखे किनाऱ्यावरचे पक्षी त्यांच्यावर पोसतात. १९९० चा वसंत तेथें नेहमींपेक्षां उबदार गेला. गोगलगायींतून कृमींचीं पिलें उबेबरोबर झपाट्यानें सुटतात. थंडींत तीं आंतच थबकून असतात. त्या वर्षीं तीं एकदमच बाहेर पडलीं असावींत. थोड्याच आठवड्यांत कोरोफियमची सारी वस्ती नाहींशी झाली. येन्सेन व मौरित्सेन या शास्त्रज्ञांनीं १९९२ सालीं या कृमींकडे बोट दाखविलें, आणि पुढें प्रयोगशाळेंत रोगी गोगलगायी व कोरोफियम एकत्र ठेवून पाहिल्यावर अधिक उबेंत लागण व मृत्यु दोन्ही वाढतात असें आढळलें. २००५ सालीं गणिताच्या आधारें केलेल्या अंदाजाप्रमाणें, तेथील सरासरी उष्णमान सुमारें पावणेचार अंशांनीं वाढल्यास ही वस्ती पुरतीच कोसळेल.

या प्रकरणाचा शेवट जीवांपाशींच झाला नाहीं. कोरोफियमच्या बिळांमुळें चिखल बांधलेला राहत असे. तीं बिळें गेल्यावर लाटांनीं बारीक चिखल धुवून नेला, आणि चिखलावरचे उंचवटे सपाट झाले. डोळ्यांना न दिसणाऱ्या कृमीनें किनाऱ्याचा आकार बदलावा, हें वाचून विश्वास बसत नाहीं. पण त्या चिखलाचीं मोजमापें प्रसिद्ध आहेत.

मात्र कृमि दिसले म्हणजे जागा बिघडली, असें समजण्याची घाई करूं नये. कॅलिफोर्नियांतील कार्पिंटेरिया येथें समुद्रकांठची एक खारवट दलदल आहे. तिचा बुजविलेला एक भाग पूर्ववत् करण्याचें काम हातीं घेतलें, तेव्हां तें कितपत साधलें हें ठरविण्यासाठीं हस्पेनी व लाफर्टी या शास्त्रज्ञांनीं तेथल्या गोगलगायी गोळा करून त्यांतले पर्णकृमि मोजले. आरंभीं ते थोडे होते. सहा वर्षांत त्यांचें प्रमाण वाढत जाऊन शेजारच्या न बिघडलेल्या भागाच्या बरोबरीस आलें, आणि कृमींच्या जातीहि वाढल्या. पक्षी मोजावयास जावें तर ते माणसाची चाहूल लागतांच उडून जातात, किंवा त्या ऋतूंत तेथें नसतातच. गोगलगाय जागच्या जागीं असते, आणि गेल्या कित्येक महिन्यांत त्या चिखलावर कोणकोणते पक्षी उतरून गेले, हें तिच्या अंगांतल्या कृमींवरून वाचतां येतें.